चार औषधांचं गणित

इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये क्षयरोगावर लेख! शीर्षक वाचून अनेकजण पान उलटणार, याची मला कल्पना आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी दहावी-बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकलेला. पण मित्रहो, जरा थांबा. या लेखात प्रोबॅबिलिटी आहे, रिडन्डन्सी आहे, सिग्नल अॅम्प्लिफिकेशन आहे आणि फॉल्ट डिटेक्शनही आहे. फरक इतकाच, की इथे सिस्टीम फेल झाली तर केटी लागत नाही, माणूस जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने दगावले. या रुग्णांपैकी २६ टक्के, म्हणजे चौघांतला एकाहून थोडा जास्त, आपल्या भारतात होते. तेव्हा "टीबी? तो अजून आहे?" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं असेल.

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो होस्टेलमुळे. आमच्या विंगमधल्या एका मित्राला फुप्फुसाचा क्षय निघाला. सरकारी केंद्रातून औषधं सुरू झाली. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली म्हणून पठ्ठ्या घाबरला. (तो रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग असतो, त्यात धोका काही नाही.) दीड महिन्यात खोकला थांबला, ताप गेला, वजन वाढलं, मेसमध्ये पूर्वीसारखा पोळ्या हाणायला लागला. मग एका रात्री त्याने विचारलं, "अरे, मी तर बरा झालो. मग अजून साडेचार महिने कशाला? आणि एकेका गोळीत चार-चार औषधं कशाला? एकच काहीतरी स्ट्राँग का देत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त होता. "डॉक्टरांनी सांगितलंय, मुकाट्याने घे" हे उत्तर इंजिनिअरला पटत नाही. म्हणून मी वाचायला लागलो, आणि जे सापडलं ते आपल्या मॅथ्स-थ्रीपेक्षा नक्कीच जास्त रंगतदार निघालं.

शत्रूची ओळख

२४ मार्च १८८२ या दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केलं की क्षयरोग एका जंतूमुळे होतो. (म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.) मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हे त्या जंतूचं नाव. त्याच्याभोवती मेणासारखी जाड भिंत असते आणि तो कमालीचा संथ असतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी साधारण २० तास लागतात. म्हणूनच प्रयोगशाळेत त्याची वाढ करून निदान करायचं म्हटलं तर काही आठवडे वाट बघावी लागते.

१९९८ साली या जंतूचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. साधारण ४४ लाख अक्षरं आणि ४ हजारांच्या आसपास जीन्स. डीएनएची भाषा ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांची, म्हणजे एका अक्षराला २ बिट पुरतात. हिशेब करा: ८८ लाख बिट, सुमारे ११ लाख बाइट. माणसाला हजारो वर्षं छळणारा हा जंतू जुन्या १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत आरामात मावला असता!

आता गंमत अशी, की जंतू एकाचे दोन होतो तेव्हा ही सगळी फाइल कॉपी होते. कॉपी करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक नेमकी अशी जागा बदलते, की औषधाला तिथे चिकटताच येत नाही. तो जंतू त्या औषधाला दाद देत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. औषध घेतल्यामुळे जंतू "शिकतो" असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बदल आधीच, योगायोगाने झालेला असतो. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्या एकट्याला मैदान मोकळं करून देतं. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दुसऱ्या एका जंतूवर विषाणू सोडून, आणि शुद्ध आकडेशास्त्र वापरून, हे तत्त्व सिद्ध केलं होतं.

एकच औषध का नाही?

त्याच १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाच्या जंतूला मारणारं हे पहिलं प्रभावी अँटिबायोटिक. ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी झाली आणि १९४८ मध्ये निकाल छापून आला. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ जण दगावले. फक्त विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. केवढा फरक! पण आनंद टिकला नाही. औषध मिळालेल्या बहुतेक रुग्णांतले जंतू काही महिन्यांतच त्याला जुमानेनासे झाले. पाच वर्षांनी पाहिलं, तर दोन गटांतला फरक बराचसा पुसला गेला होता.

असं का झालं ते आता आपल्या भाषेत पाहू. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडते, तिच्यात १० कोटी किंवा त्याहूनही जास्त जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू ढोबळमानाने १० लाखांत १ असतो. म्हणजे १० कोटींत असे १०० जंतू उपचार सुरू होण्याआधीच तिथे बसलेले आहेत. फक्त आयसोनियाझिड दिलं तर ९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९०० मरतील, रुग्णाला झकास वाटेल. उरलेले १०० मात्र पुन्हा वाढतील, आणि या वेळी सगळेच्या सगळे त्या औषधाला न जुमानणारे.

रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १० कोटींत १ आहे. तेही पुरेसं नाही. पण दोन्ही एकदम दिली तर? दोन औषधांचे निशाणे वेगळे, त्यांच्याशी संबंधित जीन्स वेगळी. शिवाय हा जंतू इतर अनेक जंतूंसारखा प्रतिरोधाची जीन्स शेजाऱ्याकडून उसनी घेत नाही. जो बदल होतो तो स्वतःच्याच फाइलमधल्या चुकीने. म्हणजे दोन्ही घटना स्वतंत्र, आणि स्वतंत्र घटनांच्या प्रोबॅबिलिटीचा गुणाकार होतो. १० लाख गुणिले १० कोटी, म्हणजे १ वर १४ शून्यं. दोन्ही औषधांतून सुटणारा जंतू इतक्या जंतूंमध्ये एखादा. पोकळीत आहेत १० कोटी. म्हणजे तसा जंतू तिथे आधीच हजर असण्याची शक्यता १० लाखांत १.

हाच तो गुणाकार, ज्याच्यावर क्षयाचा सगळा उपचार उभा आहे. विमानाला दोन इंजिनं का असतात, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल. पण दोन इंजिनांचा फायदा दोन्ही चालू असतील तोवरच! रुग्णातला जंतू आधीपासून आयसोनियाझिडला न जुमानणारा असेल, तर कागदावर दोन औषधं दिसतात, प्रत्यक्षात काम एकच करत असतं. म्हणून तिसरं आणि चौथं: पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. आणि म्हणूनच उपचार लागू पडत नसेल तर जुन्या औषधांत एकच नवं औषध कधीही वाढवायचं नाही, असा नियम आहे. तसं केलं तर ते नवं औषध एकटंच लढतं आणि आपण तेही गमावून बसतो.

सहा महिने कशाला?

दुसरा प्रश्न कालावधीचा. सगळे जंतू सारख्या अवस्थेत नसतात. भराभर वाढणारे जंतू आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच उडवतं. काही जंतू आम्लधर्मी जागी दडलेले असतात, तिथे पायराझिनामाइड चालतं. आणि काही चक्क झोपलेले असतात. अधूनमधून थोडा वेळ जागे होतात. अशा झोपाळूंना गाठायला रिफॅम्पिसिन लागतं, आणि वेळ लागतो.

खोकला थांबतो तो पहिली मोठी फौज मेल्यामुळे. झोपलेले खोकला आणत नाहीत, ताप आणत नाहीत, ते फक्त वाट बघतात. एकेकाळी हा उपचार दीड वर्ष चालायचा. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइडचा योग्य वापर करून १९७० च्या दशकातल्या चाचण्यांनी तो सहा महिन्यांवर आणला. याच चार औषधांचा कोर्स आणखी आवरता घेतला, तर रोग उलटण्याचं प्रमाण वाढतं, हेही चाचण्यांतच दिसलं. सहा हा आकडा कुणी पंचांग बघून काढलेला नाही. (वेगळी औषधं वापरून चार महिन्यांत भागतं, असं २०२१ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पण ती औषधं वेगळी, हे विसरू नका.)

या इतिहासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्तीतल्या रुग्णांची तुलना केली: काही सॅनेटोरियममध्ये, काही घरीच. १९५९ मध्ये निकाल आला, की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रोग तितकाच बरा होतो, आणि घरच्या मंडळींना धोकाही वाढत नाही. जगभरची सॅनेटोरियमं रिकामी होण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे.

हे सगळं मी मित्राला कागदावर मांडून दाखवलं. "म्हणजे आत्ता सोडलं तर मी मेरिट लिस्टमधलेच जंतू शिल्लक ठेवणार!" तो म्हणाला. इतकं अचूक वाक्य मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. त्याने सहा महिने पुरे केले.

४४ लाखांतलं एक अक्षर

आता मॉलिक्युलर भाग. रिफॅम्पिसिन नेमकं करतं काय? जंतूला कुठलंही प्रथिन बनवायचं तर आधी डीएनएची आरएनएमध्ये नक्कल काढावी लागते. ते काम आरएनए पॉलिमरेज नावाचं यंत्र करतं. रिफॅम्पिसिन या यंत्राच्या एका भागात पाचर मारल्यासारखं बसतं. यंत्र ठप्प, जंतू खलास.

त्या भागाचा आराखडा आरपीओबी नावाच्या जीनमध्ये असतो. १९९३ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या जवळजवळ सगळ्या जंतूंमध्ये, सुमारे ९५ टक्के, बदल या जीनच्या एका चिमुकल्या तुकड्यातच असतो. तुकड्याची लांबी फक्त ८१ अक्षरं. सर्वात जास्त आढळणारा बदल तर एका अक्षराचा: टीसीजीच्या जागी टीटीजी. त्यामुळे सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येतं, पाचर बसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं औषध वाया जातं. ४४ लाखांत एक अक्षर! सेमिकोलन विसरल्यामुळे प्रोग्रॅम बंद पडतो, इथे एक अक्षर चुकल्यामुळे जंतूचा प्रोग्रॅम चालू राहतो.

आठवड्यांवरून दोन तासांवर

इंजिनिअरच्या डोक्यात लगेच येईल: मग जंतू वाढवत बसायचं कशाला? ती ८१ अक्षरं थेट वाचा ना! नेमकं तेच केलं गेलं.

पहिली अडचण, सिग्नल फार क्षीण. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण १० हजार जंतू लागतात. उपाय होता पीसीआर. कोरोनामुळे हा शब्द २०२० पासून घरोघरी पोचला, पण शोध १९८३ चा, कॅरी मुलिस यांचा. त्यासाठी त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं. तापवलं की डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात, थंड केलं की प्रत्येकीची जोडी तयार होते. प्रत्येक फेरीत दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाचे दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७ कोटींवर. याहून सुंदर अॅम्प्लिफायर मी तरी लॅबमध्ये पाहिलेला नाही.

दुसरी अडचण, चुकीचं अक्षर ओळखायचं कसं? त्यासाठी मॉलिक्युलर बीकन. हेअरपिनसारखा दुमडलेला डीएनएचा तुकडा. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा. दुमडलेला असताना अंधार. अचूक जुळणारा जोडीदार मिळाला की हेअरपिन उघडते आणि दिवा लागतो. असे पाच वेगवेगळ्या रंगांचे बीकन मिळून ती ८१ अक्षरं झाकतात. पाचही दिवे लागले, तर क्षय आहे पण रिफॅम्पिसिन चालेल. चार लागले आणि एक लागलाच नाही किंवा फार उशिरा लागला, तर त्या जागी अक्षर बदललंय. एकही नाही, तर क्षयाचे जंतू सापडले नाहीत. सीरिजमधला कुठला बल्ब गेला हे शोधण्याइतकं सोपं!

या तत्त्वावरच्या जीनएक्सपर्ट यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. एक मिलिलिटरमध्ये सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी ते ओळखतं, आणि दोन तासांच्या आत. २०१७ मध्ये आलेल्या अल्ट्रा आवृत्तीत किती तापमानाला जोडी सुटते हे मोजून बदल ओळखला जातो, आणि तिला त्याहून कमी जंतू पुरतात.

पण एसी खोली आणि अखंड वीज नसलेल्या तालुक्याच्या गावी काय? तिथे आपल्याकडचं उत्तर आहे ट्रूनॅट. गोव्याच्या मोलबायो आणि बंगळुरूच्या बिगटेक यांनी तयार केलेलं, चिपवर चालणारं, बॅटरीवरचं छोटं यंत्र. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. लोडशेडिंगमध्ये सबमिशन लिहिलेल्यांना बॅटरीचं मोल वेगळं सांगायला नको.

मर्यादा आहेतच. ही चाचणी मेलेल्या जंतूचा डीएनएही वाचते, म्हणून उपचार लागू पडतोय का हे तिच्यावरून ठरवता येत नाही. आणि बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर असेल तर ती फसते. आफ्रिकेतल्या एस्वातिनी या देशात असा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. म्हणून पुढची पायरी, जंतूची सगळी फाइलच वाचायची. २०१८ मध्ये १० हजारांहून अधिक नमुन्यांवर दाखवलं गेलं की संपूर्ण जीनोम वाचून पहिल्या फळीतली चारही औषधं चालतील की नाही हे भरवशाने सांगता येतं. २०२१ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेने ३८ हजारांहून अधिक नमुन्यांवरून कुठला बदल कुठल्या औषधाला नडतो याचं कोष्टकच छापलं. सरळसरळ लुकअप टेबल.

मुंबईचा धडा

इतकं विज्ञान हाताशी असताना घोडं अडतं कुठे? १९९१ मध्ये धारावीतल्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयावरचा उपचार लिहायला सांगितला, तेव्हा ८० वेगवेगळे उपचार लिहून आले. २०१० मध्ये मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार, आणि बरोबर फक्त ६ जणांचे. याच गटाने पुढे हिंदुजा रुग्णालयातले चार रुग्ण जगासमोर मांडले. त्यांच्यातल्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. २०१२ च्या सुरुवातीला त्यावर मोठं वादळ उठलं. "कुठल्याच औषधाला दाद न देणारा" हा शब्द योग्य का अयोग्य यावर वाद झाला, पण त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक झालं.

गुणाकार मोडला की काय होतं, ते या चार रुग्णांनी दाखवलं. एकेक औषध बदलत, वाढवत, मध्येच सोडत गेलं की अशक्य वाटणारा जंतू आपण पायरी-पायरीने स्वतः घडवतो.

नवी औषधं, जुनं गणित

चांगली बातमीही आहे. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. हे औषध जंतूचा ऊर्जापुरवठाच तोडतं: एटीपी बनवणारी त्याची मोटर बंद पाडतं. (हो, ती खरोखर गोल फिरणारी मोटर आहे!) त्याआधी अवघड क्षयासाठी महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यांनी अनेकांचे कान कायमचे जात. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या अशाच दोघी. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत भारतात आणखी वाढू नये म्हणून त्या लढल्या आणि मार्च २०२३ मध्ये जिंकल्या. बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवला, आणि भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये तो स्वीकारला.

पाहा, इथेही आकडा चारच. आणि बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू आताच सापडू लागले आहेत. औषध नवं आलं, नियम तोच.

आपण काय करायचं?

लेख वाचून फक्त "छान" म्हणू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेतोवर पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते).

परीक्षेच्या आधी खोकला झाला की मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सॅसिनची स्ट्रिप आणायची सवय सोडा. ते क्षयाविरुद्ध राखून ठेवलेल्या औषधांपैकी एक आहे. छातीत क्षय दडलेला असेल तर तुम्ही नकळत एकच औषध घेताय: चार दिवस बरं वाटेल, निदान लांबेल, आणि वरचा सगळा गुणाकार मोडेल.

आणि शेवटचं. क्षय ताट-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. योग्य औषधं सुरू झाली की तो पसरण्याचा धोका काही आठवड्यांत बराच खाली येतो. तेव्हा खोलीच्या खिडक्या उघडा, पण मित्राला मेसच्या टेबलावरून उठवू नका. कोर्स अर्धवट सुटतो त्याला कधीकधी "लोक काय म्हणतील" हेही कारण असतं. ते "लोक" म्हणजे आपणच आहोत. ही चूक दुरुस्त करायला कुठलं यंत्र लागत नाही.